पिवळा गुलाब, निळी पानं: सतराव्या शतकातल्या डच पद्धतीचं एक पुष्पचित्र (प्रकल्प नोंदी)

२१ ऑक्टोबर २०२४ : आराखडा

फळी ४० × ३० सेंमी. मध्यभागी पिवळा गुलाब, वरच्या टोकाला लाल-पांढरा पट्टेदार ट्युलिप, डावीकडे लाल पॉपी, खाली पानांचा झुपका, दगडी कठडा, कठड्यावर गोगलगाय. प्रकाश वरून डावीकडून. ही कुठल्याही एका चित्राची नक्कल नाही. साधारण १६६० ते १६८० या काळात नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट शहरात यान डाविड्स दे हेम आणि अब्राहम मिन्यों हे पुष्पचित्रकार ज्या क्रमाने थर चढवत, तो क्रम हाताने समजून घेण्यासाठी हे काम आहे.

नक्कल का टाळली ते आधीच लिहून ठेवतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र आज जसं दिसतं तसं ते रंगवलेलं नसतं. पिवळे रंग विरलेले असतात, हिरव्याचा निळा झालेला असतो, सावल्या काळवंडलेल्या असतात आणि वर वार्निशचा पिवळेपणा चढलेला असतो. दिसतं तसं उतरवणारा चित्रकार त्या झिजेची नक्कल करतो. थरांचा क्रम मात्र कापछेदाच्या नमुन्यांतून, क्ष-किरणांतून आणि जुन्या कृतींतून बऱ्यापैकी कळतो. आमचा भर त्यावर.

जुनी विषारी रंगद्रव्यं वापरायची नाहीत: शिसे-सफेदा, शिसे-कथील पिवळा, हरताळ, हिंगूळ ही चारही बाद. पर्याय असे. शिसे-सफेद्याऐवजी ४ भाग टायटॅनियम पांढरा आणि ३ भाग खडूची भुकटी, वजनाने. नुसता टायटॅनियम इतका जोरकस असतो की मिसळेल तो रंग दुधाळ करून टाकतो. खडू तेलात जवळजवळ पारदर्शक होतो आणि त्या जोराला आवर घालतो. शिसे-कथील पिवळ्यासाठी निकेल टायटॅनेट पिवळा. हरताळासाठी ट्यूबमधला फिकट कॅडमियम पिवळा. हिंगुळासाठी फिकट कॅडमियम लाल. हरताळ आपल्याकडे आयुर्वेदाच्या कच्च्या मालाच्या दुकानांत मिळतो. मिळतो म्हणून खलात घालू नये. ते आर्सेनिकचं सल्फाइड आहे आणि त्याची उडणारी पूड श्वासातून आत जाते.

२४ ऑक्टोबर : फळी आणि सरस

मूळ डच फळ्या ओकच्या असत, बऱ्याचदा बाल्टिक किनाऱ्यावरून आलेल्या, खोडाच्या गाभ्याकडून बाहेर अशा चिरलेल्या. तशा चिरलेल्या फळीला बाक कमी येतो. आमच्याकडे १२ मिमी मरीन प्लाय. कडा घासून किंचित गोल केल्या, कारण धारदार कडेवरचा खडूचा थर सर्वांत आधी उडतो.

सरस (चामड्याचा, दाणेदार): १ लिटर पाण्यात ७० ग्रॅम. रात्रभर भिजवून सकाळी दुहेरी भांड्यात गरम केला. ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. सरस उकळला की त्यातल्या प्रथिनांच्या साखळ्या तुटतात आणि चिकटपणा कायमचा जातो. पुन्हा घट्ट झाला तरी तो सरस कामाचा राहत नाही. फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना एकेक हात दिला. एकाच बाजूला दिला तर फळी त्या बाजूला ओढली जाते.

हे काम पुण्यात पावसाळ्यात करू नये. दमट हवेत सरस गोठायला वेळ लावतो, भांड्यातल्या सरसाला दोन दिवसांत वास येतो आणि खडूच्या थरांवर बुरशीचे करडे ठिपके उठतात.

२८ ऑक्टोबर : खडूचे थर

३०० मिलि कोमट सरसात सुमारे ४०० ग्रॅम खडूची भुकटी. भुकटी वरून चाळणीने सोडायची, ती आपोआप बुडू द्यायची आणि मग हळूहळू ढवळायचं. घोटलं की हवा शिरते आणि वाळलेल्या थरावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. पुढे त्या भोकांत गडद रंग साचतो आणि फिकट पाकळीवर काळे ठिपके दिसतात. मिश्रण ताकाइतकं पातळ असावं.

सहा हात दिले, एक आडवा, एक उभा. आधीच्या थराची ओली चमक गेली की लगेच पुढचा. पूर्ण वाळू दिला तर पुढचा थर त्यात नीट रुजत नाही. शेवटच्या दोन हातांना मिश्रणात थोडं पाणी घातलं. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरसाचा झाला तर तो वाळताना आक्रसतो आणि खालच्याला ओढून पापुद्र्यासकट सुटतो. भेगा पडण्याचं कारणही बहुतेक हेच असतं, किंवा एकेक हात फार जाड दिलेला असतो.

५ नोव्हेंबर : घासणं

२४० चा घासकागद, मग ४००. शेवटी ओलसर, घट्ट पिळलेल्या सुती कापडाने गोलाकार पुसलं, म्हणजे कागदाचे ओरखडे भरतात. मास्क लावून.

९ नोव्हेंबर : करडा-तपकिरी पातळ थर

खडूचा थर तेल पितो. त्यावर थेट रंगवलं तर रंगातलं तेल खाली जातं आणि वर पिठूळ रंगद्रव्य उरतं. डच कार्यशाळांत यावर तेलातला एक पातळ थर देत. आमचं मिश्रण: पांढरा ६, रॉ अंबर (तपकिरी मातीचा रंग) १, काळा चिमूटभर, जवसाचं तेल जेमतेम, थोडं टर्पेंटाइन. रुंद ब्रशने लावून तळव्याने थोपटून एकसारखा केला. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे हा थर तीन-चार दिवसांत हाताला कोरडा लागतो. पांढऱ्या शुभ्र पृष्ठभागापेक्षा हा मधला करडा फार सोयीचा: उजेडही त्यावर उठतो, सावलीही.

कॅनव्हासवर पद्धत वेगळी होती. खाली तांबड्या मातीचा थर आणि वर करडा, अशी दुहेरी तयारी तिथे नेहमीची.

१३ नोव्हेंबर : रचना

आज ब्रश नाही, फक्त कागद.

डच पुष्पचित्रातला गुच्छ कधी कुणी फुलदाणीत रचलेलाच नसतो. नेदरलँड्समध्ये ट्युलिप एप्रिल-मेमध्ये, गुलाब जूनमध्ये, पॉपी जून-जुलैत, कार्नेशन त्याहून पुढे. ही सगळी एकत्र ताजी मिळणं तेव्हा अशक्य होतं. चित्रकार हंगामात एकेका फुलाचा अभ्यास करून ठेवत आणि मग गुच्छ कागदावर जुळवत. आम्ब्रोसियस बॉस्खार्टच्या चित्रांत तेच फूल, त्याच कोनातून, पुन्हा पुन्हा भेटतं. यान ब्रूगेल (थोरला) १६०६ मध्ये मिलानच्या कार्डिनल बोरोमेओला लिहितो की अँटवर्पमध्ये न मिळणारी काही फुलं प्रत्यक्ष पाहून रंगवायला तो ब्रसेल्सला गेला होता. सव्वाशेहून जास्त वर्षांनीही हे बदललं नव्हतं. १७४२ मध्ये पुष्पचित्रकार यान फान हॉयसम गिऱ्हाइकाच्या माणसाला कळवतो की पिवळा गुलाब मिळाला नाही, म्हणून चित्र पुढच्या वर्षावर गेलं.

रचनेचा इतिहास कागदावर एका ओळीत काढता येतो. बॉस्खार्टच्या पिढीत (तो १६२१ मध्ये वारला) गुच्छ समोरासमोर, जवळजवळ सममित. प्रत्येक फुलाला स्वतंत्र जागा, कुणी कुणाला झाकत नाही. दे हेमच्या हातात तो तिरक्या, वळणदार रेषेवर झुकतो. फुलं एकमेकांआड जातात, काही पाठमोरी होतात, देठ चौकटीकडे झेपावतात. मिन्यों हा फ्रँकफर्टचा, जन्म १६४०. याकोब मारेलकडे शिकला, मारेलबरोबरच युट्रेख्टला आला आणि दे हेमच्या कार्यशाळेत काम करू लागला. १६७२ मध्ये फ्रेंच सैन्य आलं, दे हेम अँटवर्पला परतला आणि मिन्यों युट्रेख्टमध्ये राहिला. १६७९ मध्ये, चाळिशीच्या आतच, तो गेला. पुढे राखेल रॉइस ही तिरकी रेषा आणखी मोकळी करते. तिचे वडील फ्रेडरिक रॉइस ॲमस्टरडॅममध्ये शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवत. तिच्या देठांना जोडणीचे सांधे कुठे असतात हे नेमकं ठाऊक असतं, याचं नवल वाटू नये.

फुलांची चित्रं ट्युलिपच्या कांद्यांवरच्या सट्ट्यातून जन्मली, असं सर्रास सांगितलं जातं. ते पटत नाही. सट्टा फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळला. बॉस्खार्ट त्याच्या सोळा वर्षं आधीच वारला होता. मुळं वनस्पतिबागांत आणि संग्राहकांत शोधावीत: वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस १५९३ मध्ये लायडनला आला आणि त्याने तिथली बाग लावली. जगभरातल्या वनस्पती नेमकेपणाने नोंदवण्याची ही ओढ कोकणीपर्यंतही पोचते. ॲमस्टरडॅमला १६७८ मध्ये, म्हणजे मिन्यों हयात असताना, मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेलं आहे.

प्रतीकांच्या याद्यांबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. प्रत्येक फुलामागे ठरलेला अर्थ चिकटवला की चित्र बघायचं राहून जातं. मिन्योंच्या ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधल्या चित्रात फुलांशेजारी खिशातलं घड्याळ ठेवलेलं आहे. तिथे काळाचा संकेत चित्रकारानेच दिला आहे, तो घ्यावा. घड्याळ नसलेल्या प्रत्येक गुच्छात तोच शोधत बसू नये.

रेखाटन ट्रेसिंगच्या मागे रॉ अंबरची पूड चोळून फळीवर उतरवलं. पेन्सिलीचं शिसं टाळलं. वर्षांनुवर्षं तेलाचा थर पारदर्शक होत जातो आणि ग्रॅफाइटच्या रेषा फिकट पाकळ्यांतून वर डोकावतात.

१६ नोव्हेंबर : पिवळा लेक-रंग

पानांच्या हिरव्यासाठी डच चित्रकार निळ्यावर पारदर्शक पिवळा चढवत. तो पिवळा वनस्पतीचा रस तुरटीवर किंवा खडूवर बसवून केलेला असे. अशा रंगाला लेक म्हणतात. युरोपात त्यासाठी वेल्ड ही वनस्पती किंवा बकथॉर्नची कच्ची फळं. आम्ही झेंडू घेतला, कारण त्यातही फ्लॅव्होनॉइड गटातलीच रंगद्रव्यं आहेत आणि वर्तन पुष्कळसं जुळतं.

झेंडूच्या सुकवलेल्या पाकळ्या ५० ग्रॅम, पाणी १ लिटर, ८० अंशांच्या आसपास पाऊण तास. उकळी नको. दुहेरी मलमलने गाळलं. गरम अर्कात २० ग्रॅम तुरटी पूर्ण विरघळवली. मग १० ग्रॅम खडू चमच्याचमच्याने. प्रत्येक चमच्याला कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो, म्हणून भांडं अर्कापेक्षा तिप्पट मोठं हवं. तुरटीचं आम्ल शमायला साधारण ६ ते ७ ग्रॅम खडू पुरतो. उरलेला खडू रंगाला अंग देतो. निवळल्यावर वरचं पाणी ओतून टाकलं, तीन-चार वेळा साध्या पाण्याने धुतलं, गाळणकागदावर घेतलं आणि सावलीत सुकवलं.

धुण्यात कसूर केली तर तुरटीचे क्षार राहतात, सुकलेली वडी खडखडीत होते आणि तेलात वाटताना दाणे मोडत नाहीत. कडक उन्हात सुकवणं तर पूर्ण चूक: रंग वापरायच्या आधीच विरायला लागतो.

१८ नोव्हेंबर : लाल लेक-रंग

मंजिष्ठाची मुळं कुटून ५० ग्रॅम, पाणी १ लिटर. तापमान ७० अंशांच्या खाली. त्यावर गेलं की मुळातली तपकिरी द्रव्यं सुटतात आणि लाल विटकरी होतो. गाळून २५ ग्रॅम तुरटी, मग धुण्याच्या सोड्याचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने, फेस थांबेपर्यंत. सोडा जास्त झाला तर रंग जांभळट होतो.

युरोपातली मॅडर आणि आपली मंजिष्ठा एकाच कुळातल्या, पण एकच नव्हेत. युरोपीय मुळात अलिझरीन हे लाल द्रव्य भरपूर असतं, आपल्याकडच्या मुळात परप्युरिन या दुसऱ्या लाल द्रव्याचा वाटा मोठा. त्यामुळे आमचा लाल थोडा नारिंगीकडे झुकतो. ट्युलिपच्या पट्ट्यांना हे चालेल.

२० नोव्हेंबर : प्रकाश-चाचणी

तेलात वाटलेले रंग पट्टीवर ओढले: झेंडू लेक, हळदीचा लेक (तुलनेसाठी), मंजिष्ठा लेक, यलो ऑकर (पिवळ्या मातीचा रंग). प्रत्येक रंग दोन प्रकारे, एकदा नुसता दाट आणि एकदा पांढऱ्यात १ ला १० मिसळून. वाळल्यावर पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकला. दक्षिणेकडची खिडकी. सोबत निळ्या लोकरीचं मानक कार्ड, म्हणजे रंग किती उडाला याला मोजपट्टी राहील.

२५ नोव्हेंबर : पार्श्वभूमी आणि पायाचे सपाट रंग

आधी पार्श्वभूमी: बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक, थोडा ऑकर. मोठ्या फुलांच्या जागा रिकाम्या सोडल्या, बारीक देठांच्या सोडल्या नाहीत. हीच जुनी रीत. मोठं फूल मोकळ्या करड्या जागेवर बसतं, कीटक, देठ, केसर हे शेवटी तयार पार्श्वभूमीवर येतात. गडद रंगावर थेट फिकट पाकळी रंगवली तर काळ जातो तसा खालचा अंधार वर येतो आणि पाकळी मळकट होते.

फुलाच्या कडेला पार्श्वभूमी किंचित आत घेतली, एखाद-दुसरा मिलिमीटर. पुढे पाकळीची कड तिच्यावर चढते, त्यामुळे मध्ये करड्याची रेघ उघडी राहत नाही.

मग सपाट रंग, छाया-प्रकाशाशिवाय. गुलाब: ऑकर २, पांढरा १. पॉपी: कॅडमियम लाल, किंचित ऑकर. ट्युलिप: पांढऱ्यात काळ्याची आणि निळ्याची चिमूट. पानं: अल्ट्रामरीन, निकेल पिवळा, थोडा काळा. तेल शक्य तितकं कमी, कारण खालचा थर वरच्यापेक्षा नेहमी कोरडा हवा. खाली जास्त तेल राहिलं तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर हलतो आणि वर जाळीदार तडे येतात.

आयव्हरी ब्लॅक तेल फार पितो आणि सावकाश वाळतो. पार्श्वभूमीत अंबरचं प्रमाण काळ्यापेक्षा जास्त ठेवलं ते याचसाठी. तरी आठवडा धरावा.

६ डिसेंबर : ट्युलिप

ट्युलिपचे पट्टे रंगवताना दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. एक: पट्टा पाकळीच्या मधोमध देठाकडून वर ज्योतीसारखा चढतो आणि कडांवरून पिसाच्या तंतूंसारखे बारीक फाटे आत येतात. सलग रंगीत पट्टी कधीच नसते. दोन: पांढरा हा मूळ रंग नसतो. विषाणूमुळे वरच्या थरातला लाल काही ठिकाणी बनत नाही आणि खालची पांढरी पेशी उघडी पडते. मावा कीड हा विषाणू पसरवते. पट्टे संसर्गाने पसरतात हे १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये प्रयोगाने सिद्ध झालं. सतराव्या शतकातल्या बागाइतदारांना मात्र पुढच्या वर्षी कांद्यातून काय फुलेल हे सांगता येत नसे. किंमत त्यामुळेच चढली. शिवाय रोगट कांदा दरवर्षी क्षीण होत जातो.

कृती: करड्या-पांढऱ्या पायावर आधी पाकळीची गोलाई पूर्ण केली. वाळू दिली. मग मंजिष्ठा लेकची धारदार रेघ, ० नंबरचा लांब केसांचा ब्रश, मनगट टेकवून, कडेकडून आत. ब्रश उचलता उचलता रेघ निमुळती होते. उलट दिशेने, आतून बाहेर ओढली तर टोक बोथट राहतं. छायेतल्या पट्ट्यात लेकचा दुसरा हात, काळा मिसळायचा नाही.

१६ डिसेंबर : पिवळा गुलाब

या चित्राचं कारणच हा गुलाब.

मिन्योंच्या घड्याळाच्या चित्रातला पिवळा गुलाब आज सपाट दिसतो, फिकट आणि पाकळ्यांत खोली नसलेला. बाजूची फुलं गोल, वजनदार आणि हा मात्र कागदी. चित्रकाराची कुवत पाहता हे विचित्र होतं. अँटवर्प विद्यापीठ आणि राइक्सम्यूझियमच्या संशोधकांनी क्ष-किरणांनी संपूर्ण पृष्ठभागावर कुठे कोणतं मूलद्रव्य आहे ते तपासलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आर्सेनिकच्या नकाशात डोळ्याला आज न दिसणारे ब्रशचे फटकारे स्पष्ट उमटले: पाकळीची वळणं, कडा, उजेड. तो हरताळ होता.

घडलं ते असं. प्रकाशात हरताळाचं ऑक्सिडीकरण होतं आणि पांढरट, जवळजवळ रंगहीन आर्सेनिक ऑक्साइड उरतं. त्यापुढे आर्सेनिक आणखी ऑक्सिजन घेऊन आर्सेनेट बनतं आणि रंगथरांतून सरकत जातं. आसपास शिशाची रंगद्रव्यं आणि शिशाचे वाळवणारे क्षार असतातच. तिथे शिशाची आर्सेनेट स्फटिकं बनतात, त्यातलंच एक खनिज म्हणजे मिमेटाइट. तीही हरताळासारखी पिवळी नसतात. त्यामुळे गुलाबाचा रंग आणि घडण, दोन्ही एकदम गेली.

जुन्या चित्रकारांना हरताळ कटकटीचा आहे हे माहीत होतं. तो तेलात फार सावकाश वाळतो, म्हणून त्यात काचेची पूड घालत. शिशाच्या आणि तांब्याच्या रंगांपासून दूर ठेवा, असे इशारेही कृतींत आहेत. तरी वापरला, कारण त्या काळी इतका उबदार, चमकता पिवळा दुसरा नव्हता. आपल्या हस्तलिखित पोथ्यांत चुकीचं अक्षर झाकायला लावलेला हरताळ पुष्कळदा अजून पिवळाच दिसतो. पोथी बांधलेली असते, पानावर प्रकाश पडत नाही. प्रकाश हा यातला मोठा गुन्हेगार आहे, हे या तुलनेतून चांगलं कळतं.

फुलाच्या घडणीबद्दल. डच चित्रांतला हा भरगच्च पिवळा गुलाब म्हणजे गंधकी गुलाब, रोझा हेमिस्फेरिका, तुर्कस्तानातून युरोपात आलेला. फूल खाली मान घालतं, पाकळ्या पातळ आणि खच्चून भरलेल्या, कडा अनियमित. वर्षातून एकदाच फुलतो आणि पावसाळी हवेत कळ्या न उमलताच सडतात. हॉयसमची अडचण त्यामुळे सहज समजते. फुलवाल्याकडचा आजचा पिवळा गुलाब समोर ठेवून हे रंगवू नये. त्याचा उंच, टोकदार गाभा आणि मागे वळलेल्या जाड पाकळ्या सतराव्या शतकात नव्हत्या. अभ्यासाला गावठी गुलाब जास्त उपयोगी: पाकळ्यांची दाटी आणि गोलसर पसरट चेहरा त्यात मिळतो.

थर असे चढवले. ऑकरचा पाया वाळलेला होता. त्यावर सावल्या: ऑकर ३, रॉ अंबर १, काळ्याचा अंश. पाकळ्यांच्या खोबणीत ही सावली हिरवट झाली पाहिजे, तपकिरी नव्हे, कारण पातळ पिवळ्या पाकळीतून प्रकाश आरपार जातो. म्हणून खोबणीच्या तळाशी अल्ट्रामरीनचा स्पर्श दिला. मधले रंग: कॅडमियम पिवळा आणि ऑकर समान. त्यावर, ओल्यातच, उजेड: कॅडमियम पिवळा आणि निकेल पिवळा, शेवटच्या कडांवर निकेल पिवळ्यात थोडा पांढरा. उजेडाचा फटकारा पाकळीच्या वाढीच्या दिशेने, तळाकडून कडेकडे. नंतर ब्रशने थोपटला नाही. थोपटलं की फटकाऱ्याची कड जाते आणि गुलाब मेणाचा वाटतो.

सगळ्या पाकळ्यांना सारखा उजेड देणं ही इथली हमखास चूक. डावीकडच्या वरच्या चार-पाच पाकळ्यांनाच पूर्ण उजेड, उजवा खालचा तिसरा हिस्सा मधल्या रंगाच्या वर जाता कामा नये.

२७ डिसेंबर : पानं

पायाचा निळसर हिरवा वाळला. शिरा, कडा, कीड लागलेली भोकं पूर्ण केली आणि मग झेंडू लेक जवसाच्या तेलात पातळ करून वर पसरवला. पान एकदम जिवंत होतं. नेमका हाच थर जुन्या चित्रांतून उडून गेला आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या हॉयसमच्या मातीच्या फुलदाणीच्या चित्रात (त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन्ही सालं आहेत) पानं थंड निळी दिसतात ती यामुळे.

तरी प्रत्येक निळं पान विरलेलं समजू नये. ट्युलिप, कार्नेशन आणि अफूची पॉपी यांची पानं मुळातच मेणचट निळसर असतात. संशय घ्यायचा तो गुलाबाच्या किंवा वेलीच्या निळ्या पानावर. आणि जुन्या वार्निशखाली हा फरक लपतो: पिवळं पडलेलं वार्निश निळ्या पानाला हिरवं दाखवतं, साफसफाईनंतर निळं उघडं पडतं आणि लोकांना वाटतं की रंग पुसला गेला.

आमच्या पानांपैकी उजवीकडच्या दोन पानांवर लेक चढवलाच नाही. एकाच फळीवर आधीचं आणि नंतरचं शेजारी दिसावं म्हणून.

पातळ थर वाळलेल्या गुळगुळीत रंगावर कधी कधी पसरत नाही, थेंब थेंब होऊन गोळा होतो. तेव्हा खालच्या पृष्ठभागावर जवसाच्या तेलाचा थेंब चोळून, सुती कापडाने जवळजवळ पूर्ण पुसून घ्यावा आणि मग लेक लावावा.

८ जानेवारी २०२५ : पॉपी

कॅडमियम लाल पायावर मंजिष्ठा लेकचे दोन पातळ हात, मध्ये दहा दिवसांचं अंतर. लेक-रंग सावकाश वाळतात, घाई केली की दुसरा हात पहिल्याला उचलतो. पाकळीची चुरगळ दाखवणाऱ्या रेषा लेकमध्येच, लाकडी टोकाने ओल्यात खरवडून, खालचा लाल उघडा करत काढल्या. छायेत काळा घातला तर पॉपी विझते. तिथे लेक दाट ठेवावा, इतकंच.

२० जानेवारी : थेंब, गोगलगाय, कठडा

थेंबात प्रकाशाचा क्रम उलटा असतो. डावीकडून प्रकाश येत असेल तर थेंबाची डावी बाजू पानापेक्षा गडद, उजवी बाजू उजळ, कारण आत शिरलेला प्रकाश पलीकडे गोळा होतो. डाव्या गडद भागात पांढऱ्याचा एकच टोकदार ठिपका. थेंबाबाहेर उजवीकडे बारीक सावली. ही चार पावलं, ठिपका सोडून बाकीची पातळ. ठिपका मात्र जाड, ०० नंबरच्या ब्रशच्या टोकाने टेकवलेला. दोन ठिपके दिले की थेंब काचेचा मणी होतो.

गोगलगायीच्या वाटेची चमक पांढऱ्याने काढली नाही. कठड्याच्या करड्यात किंचित पांढरा मिसळून तुटक रेषेने.

कठड्यावर काही भाग निस्तेज पडले. तिथे तेल खाली शोषलं गेलं आहे. वार्निशने ते जुळून येईल, वरून पुन्हा तेल चोळून पिवळेपणा वाढवायला नको.

३ फेब्रुवारी : प्रकाश-चाचणीचं वाचन

फॉइल उघडलं. हळदीचा लेक जवळजवळ गेलेला, पांढऱ्यात मिसळलेला तर ओळखूही येत नाही. तो पहिल्या आठवड्यातच ढळला होता. झेंडू लेक पांढऱ्यात अर्ध्याहून जास्त उतरला, दाट पट्टीत मात्र बराच टिकून आहे. मंजिष्ठा पांढऱ्यात थोडी फिकी, दाट थरात फरक जाणवत नाही. ऑकर जसाच्या तसा. निळ्या लोकरीच्या कार्डावर १ आणि २ नंबरच्या (सर्वांत लवकर उडणाऱ्या) पट्ट्या स्पष्ट उतरल्या आहेत.

पांढऱ्यातला रंग लवकर उडतो, कारण रंगाचे कण विखुरलेले असतात आणि पांढऱ्यावरून परतणारा प्रकाश त्यांना दुसऱ्यांदा गाठतो. दाट थरात वरचे कण खालच्यांना झाकतात. जुन्या चित्रांत पानांचे उजळ भाग आधी निळे होतात आणि सावलीतले भाग अजून हिरवट राहतात, ते याच हिशोबाने. ज्याला टिकाऊ चित्र हवं आहे त्याने झेंडू लेकऐवजी पारदर्शक पिवळा आयर्न ऑक्साइड वापरावा. रंग थोडा मातकट येतो, पण उडत नाही.

१७ मार्च : वार्निशचं वेळापत्रक

पॉपीवरचा लेक अजून नखाला मऊ लागतो. वार्निश ऑगस्टपर्यंत नाही, आणि ऑगस्टमध्ये हवा दमट असेल तर ऑक्टोबरपर्यंत नाही. दमट हवेत लावलेल्या वार्निशवर पांढुरकी झाक येते. तोपर्यंत फळी भिंतीकडे तोंड करून ठेवायची नाही: अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, उजेडात आणलं की त्यातला बराचसा पिवळेपणा परत जातो. उत्तरेच्या खिडकीसमोर, थेट ऊन न लागता, धूळ बसू नये म्हणून वर तिरका पुठ्ठा. लेक चढवलेली पानं आणि लेक नसलेली ती दोन पानं दर तीन महिन्यांनी त्याच दिव्याखाली, त्याच रंगपट्टीसह छायाचित्रात नोंदवायची.